नमुना उत्तरातला 'मी' आणि आमचे थांबणे

परदेशी शिकायला निघालेल्या आमच्या मुलामुलींच्या वाटेवर आज एक खोली लागते. खोलीत एक टेबल असते. समोर परीक्षक बसलेला असतो, कधी तो संगणकाच्या पडद्यावर असतो. बोललेला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होत असतो. अकरा ते चौदा मिनिटांत सगळे संपते. आयईएलटीएस या परीक्षेचा हा बोलण्याचा भाग. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण अशा चार कौशल्यांना शून्य ते नऊ 'बँड' मिळतात. विद्यापीठे साडेसहा मागतात, काही सात मागतात, काही तर प्रत्येक कौशल्यात अमुक बँडच्या खाली चालणार नाही असेही बजावतात. १९८९ पासून या नावाने चालणारी ही परीक्षा आज जगभरच्या विद्यापीठांच्या दारावरची राखणदार झालेली आहे.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून चालू आहे. परंतु शिष्यवृत्ती मिळण्यासाठी आधी प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी बहुधा बँड हवा. म्हणजे जो पैसा सरकार देणार तो हाती येण्याच्या आधी परीक्षेचे पंधरा हजारांहून अधिक शुल्क घरातून भरावे लागते. निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. एखाद्या कौशल्यात बँड कमी पडला तर पुन्हा पैसे आणि पुन्हा खोली. शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या, वीटभट्टीवरच्या घरात हा पैसा कसा उभा राहतो हे या पानांच्या वाचकाला सांगावे लागू नये.

परंतु या लेखाचा विषय शुल्क नाही. विषय आहे या परीक्षेची 'तयारी'. गेली काही वर्षे मी आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका बुद्धविहाराच्या खोलीत, विनामूल्य, अशा मुलामुलींची बोलण्याची तयारी करून घेतो आहे. त्या निमित्ताने बाजारातली तयारीची पुस्तके, क्लासेसच्या झेरॉक्स नोट्स आणि 'नमुना उत्तरे' यांचा ढीग वाचावा लागला. मी साहित्याचा शिक्षक आहे. वाचता वाचता ध्यानात आले की हा एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला नायक आहे, त्याचे घर आहे, त्याची मूल्यव्यवस्था आहे. हजारो तरुण हे वाङ्मय पाठ करतात. कादंबरी कोणी पाठ करीत नाही. मग त्याची समीक्षा का होऊ नये?

१

प्रथम परीक्षेची रचना सांगितली पाहिजे, कारण पुस्तके तिच्याविषयी जे सांगतात आणि ती प्रत्यक्षात जे मागते यांत अंतर आहे.

परीक्षेचे तीन भाग असतात. पहिल्या भागात चार ते पाच मिनिटे ओळखीचे विषय : नाव, गाव, घर, शिक्षण, सवयी. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड दिले जाते. एखाद्या व्यक्तीचे, वस्तूचे, जागेचे किंवा प्रसंगाचे वर्णन करा, असा त्यावर मजकूर आणि खाली तीन-चार मुद्दे. तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून चार-पाच मिनिटे चर्चा होते. 'तुझे घर' संपते आणि 'शहरांतली घरे', 'समाज आणि घर' असा व्यापक विचार सुरू होतो.

गुण चार कसोट्यांवर, सारख्या वाट्याने दिले जातात : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा पल्ला व अचूकपणा, आणि उच्चार. मत बरोबर की चूक याला गुण नाहीत. सांगितलेली हकीकत खरी की कल्पित याचीही तपासणी होत नाही. उच्चार इंग्रजांसारखा असावा अशी अट नाही. बोलणे ऐकणाऱ्याला सहज कळले पाहिजे एवढीच आहे. आणि कसोट्यांच्या जाहीर झालेल्या वर्णनात पाठ केल्यासारखी वाक्ये बोलण्याचा उल्लेख येतो तो अगदी खालच्या पायरीवर, तीन बँडच्या व्याकरणात. म्हणजे पुस्तके जे काम करायला सांगतात, तेच काम परीक्षा दुबळेपणाची खूण म्हणून नोंदवते. एवढे असूनही पुस्तके खपतात. असे का होते?

२

आता त्या वाङ्मयातला 'मी' पाहू. मी कोणत्या एका पुस्तकाचे नाव घेत नाही, कारण ही उत्तरे एकमेकांची भावंडे आहेत.

या 'मी'ला स्वतःची खोली आहे. खिडकीतून बाग दिसते. वडील डॉक्टर किंवा कंपनीत वरिष्ठ अधिकारी आहेत. आई स्वयंपाक उत्तम करते, आणि एवढेच करते. आजी आहे, पण ती फक्त गोष्टी सांगायला आहे. सुट्टीत हा 'मी' थंड हवेच्या ठिकाणी जातो. त्याला गिटार वाजवायला आवडते. धकाधकीच्या जीवनाने त्याला ताण येतो, तेव्हा तो निसर्गाच्या सान्निध्यात जातो. घरातली जुनी वस्तू सांग म्हटले की आजोबांचे घड्याळ काढतो. सण म्हटला की दिवाळी. आदर्श व्यक्ती म्हटली की उद्योगपती किंवा क्रिकेटपटू. मधूनमधून तो 'वन्स इन अ ब्लू मून' यासारखे वाक्प्रचार पेरतो, कारण त्याला कोणीतरी सांगितले आहे की वाक्प्रचारांनी बँड वाढतो.

या 'मी'ला काय नाही ते पाहिले की त्याची जात कळते. त्याला शेजारी नाही. त्याने कधी काम केलेले नाही. त्याच्या घरात पाणी कोठून येते हे त्याला ठाऊक नाही. त्याला घरमालकाने कधी आडनाव विचारलेले नाही. तो कोणावर रागावत नाही. त्याच्या आयुष्यात पैसा ही अडचण कधीच होत नाही.

मराठी वाचकाला हा 'मी' नवा नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे जी मराठी कथा सदाशिव पेठेच्या आणि दादरच्या परिघात फिरली, तिचाच हा इंग्रजी बोलणारा नातू आहे. प्रस्थापित साहित्याने जसे एका वर्गाचे अनुभवविश्व म्हणजेच मानवी अनुभव असे गृहीत धरले होते, तसेच ही पुस्तके धरतात. त्या गृहीताला आमच्या लेखकांनी उत्तर दिले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली. पुढे बेबी कांबळे, शरणकुमार लिंबाळे, ऊर्मिला पवार आले. जरा वेगळ्या बाजूने पाहिले तर ही सारी स्वकथने म्हणजे त्या कार्डांची उत्तरेच आहेत : तुझ्या घराचे वर्णन कर, लहानपणीचा एक प्रसंग सांग, घरातल्या एका वृद्ध व्यक्तीविषयी बोल. प्रश्न तेच होते. 'मी' बदलला आणि सारे मराठी वाङ्मय बदलले.

ज्या समाजाने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हा 'मी' वाङ्मयातून हुसकून लावला, त्याच समाजाची नातवंडे आज तो पैसे देऊन पाठ करतात. माझी वेदना ही आहे.

३

परंतु मुले हे का करतात, याचा विचार न करता त्यांना दोष देणे हा शिक्षकी उद्दामपणा होईल.

बोलताना माणूस का थांबतो? परीक्षेच्या कसोट्यांनी याचा बारकाईने विचार केला आहे. एक थांबणे आशयासाठी असते : पुढे काय सांगावे, याचा बोलणारा विचार करतो. हे थांबणे वरच्या, आठ-नऊ बँडच्या बोलण्यातही चालते. दुसरे थांबणे भाषेसाठी असते : शब्द सापडत नाही, क्रियापदाचा काळ जुळत नाही. या थांबण्याने बँड उतरतो. ही विभागणी चांगली आहे. मराठी बोलणाऱ्याचे दुसऱ्या प्रकारचे थांबणे कोठून येते हेही सांगता येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. म्हणून मनात मराठी वाक्य जुळवणारा मुलगा कर्ता उच्चारून गप्प होतो, कारण क्रियापद अजून मनातल्या वाक्याच्या टोकाला असते. 'मी पाच वर्षांपासून येथे राहतो' हे मराठीत वर्तमानकाळात चालते, म्हणून तो 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतो आणि आपण चुकलो असे वाटून अडखळतो. याला सराव हे औषध आहे आणि ते लागू पडते.

पण आमच्या वर्गात मला एक तिसरे थांबणे आढळले. शब्द माहीत आहेत. आशयही आहे, जिभेवर आहे. तरीही विद्यार्थी थांबतो. तो मनाशी ठरवीत असतो : हे सांगावे की सांगू नये?

हे थांबणे पहिल्या मिनिटालाच येते. परीक्षक पूर्ण नाव विचारतो आणि तुला काय म्हणून हाक मारू असेही विचारतो. इतरांसाठी ही घसा मोकळा करायची जागा. आमच्या मुलाला पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे काय हे तो वसतिगृहात, भाड्याची खोली शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत शिकलेला आहे. परीक्षक परदेशी असेल तर त्याला आडनावातले काही कळणार नाही. पण परीक्षक भारतीयही असतो. मग गाव. मग घर. तुझ्या घरातली कोणती खोली तुला सर्वांत आवडते? ज्याचे घरच एक खोली आहे तो येथे थांबतो. वडील काय करतात? थांबतो. सुट्टीत कोठे जातोस? सुट्टीत तो ऊसतोडीला जात होता. थांबतो.

कसोट्यांच्या कागदावर या तिसऱ्या थांबण्याला जागा नाही. परीक्षकाला ते दुसऱ्या थांबण्याहून वेगळे ओळखता येत नाही. तो बिचारा काय करणार? शांतता ही शांतताच. म्हणून जातीने शिकवलेली सावधगिरी इंग्रजीच्या दुबळेपणाच्या खात्यावर जमा होते. मूल घरी येते आणि म्हणते, सर, माझे इंग्रजीच कच्चे आहे.

नमुना उत्तराचा खप येथे आहे. ते उत्तर भाषा देत नाही, झाकण देते. आजोबांचे घड्याळ म्हटले की पुढचे प्रश्न सुरक्षित होतात. म्हणून मी त्या मुलांना खोटारडे म्हणत नाही. ती लपत आहेत, आणि लपण्याला कारण आहे.

४

हे लपणे इंग्रजीने शिकवले का? नाही. ते मराठीच्या तासाला शिकवले गेले.

पहिलीच्या वर्गात मूल 'पानी' म्हणाले आणि गुरुजी हसले. गुरुजी हसले म्हणून वर्ग हसला. त्या दिवशी मुलाने ठरवले की बोलण्यापेक्षा गप्प राहणे बरे. प्रमाणभाषेच्या नावाने आमच्या घरातली भाषा 'अशुद्ध' ठरवली गेली. शुद्ध-अशुद्ध हे शब्द सोवळ्या-ओवळ्याच्या कपाटातले आहेत, भाषाशास्त्रातले नव्हेत, हे आपल्या अभ्यासकांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे. येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. ज्या परक्या परीक्षेला आपण घाबरतो ती म्हणते, तुझा लहेजा राहू दे, मला कळले म्हणजे झाले. आणि ज्या मायबोलीचे गोडवे गायिले जातात तिच्या वर्गात 'न' आणि 'ण' वरून मूल उभे केले जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. बारावीला इंग्रजीची २० गुणांची तोंडी परीक्षाही आहे. तरीही बारा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा त्याने इंग्रजीत सलग दोन मिनिटे स्वतःविषयी बोललेले नसते. त्याने उतारे वाचलेले असतात, प्रश्नोत्तरे उतरवून घेतलेली असतात. तोंडी परीक्षेत काय विचारणार हे बहुधा आधी सांगितलेले असते, आणि उत्तर पाठ असते. नमुना उत्तराची सवय क्लासवाल्यांनी लावलेली नाही. ती शाळेने लावली. क्लासवाले तिची फक्त वसुली करतात.

५

आता आपल्याच घरात डोकावू.

आदर्श व्यक्तीचे कार्ड आले की आमची मुले बाबासाहेबांविषयी बोलतात. येथे ती थांबत नाहीत. डोळे चमकतात, आवाज चढतो, आणि १४ एप्रिल १८९१ पासून ६ डिसेंबर १९५६ पर्यंत सनावळी सुरू होते. महू, कोलंबिया, लंडन, महाड, पुणे, नागपूर. दोन मिनिटे संपतात. परीक्षक मध्येच विचारतो, या माणसाने तुझ्या स्वतःच्या आयुष्यात काय बदलले? आणि मुलगा गप्प होतो.

हे जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेतले भाषण आहे. ते आम्हीच त्याला दिले. आम्ही त्याच्या हाती आजोबांच्या घड्याळाऐवजी आमचे घड्याळ दिले, एवढाच फरक. ज्या महापुरुषाने पोथीपाठाविरुद्ध आयुष्य वेचले त्याच्यावरचे बोलणे आम्ही पोथीपाठ करून टाकले, हे चळवळीतल्या माणसांनी स्वतःशी कबूल केले पाहिजे.

बाबासाहेब स्वतः इंग्रजी कशासाठी बोलले? शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. म्हणजे भाषेची दारे कोण बंद करतो हे त्यांना बालपणीच कळले होते. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तीही प्रश्नोत्तरेच होती आणि तीही इंग्रजीत होती. पण तेथे उत्तर देणारा कोणाचे नमुना उत्तर देत नव्हता. अस्पृश्यांच्या वतीने अस्पृश्य समाजातला माणूस आपल्या अनुभवाच्या व अभ्यासाच्या बळावर बोलत होता. दुसऱ्याच वर्षी, १९२० साली, त्यांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत. राज्यकर्त्यांशी कोणत्या भाषेत आणि आपल्या माणसांशी कोणत्या भाषेत, हा विवेक त्यांच्यापाशी होता. इंग्रजीची पूजाही नाही, तिचा तिरस्कारही नाही.

हे दोन्ही रोग आज आपल्याकडे आहेत. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हटले, त्याला पेशवाईच्या आठवणी ताज्या असलेल्या काळाचा अर्थ होता. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात बांका या गावी दलितांसाठी इंग्रजी देवीचे मंदिर उभारण्याचा घाट घातला गेला. त्यामागची तळमळ मला कळते; पण देवीपुढे भक्त हात जोडतो, बोलत नाही. आणि आम्हाला तर बोलायचे आहे. दुसऱ्या बाजूला, मातृभाषेतून शिका असा उपदेश आम्हाला करणारे पुष्कळ लोक स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालतात. त्यांच्या उपदेशाला उत्तर देण्यातही वेळ घालवू नये.

६

मग तयारी कशी करावी? एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एका मुलीला सरावात कार्ड आले : तुमच्या कुटुंबाने बराच काळ जपून ठेवलेली एखादी वस्तू. तिने आजोबांच्या घड्याळाचे उत्तर सुरू केले. मी विचारले, बाई, घड्याळ कोणत्या कंपनीचे? ती हसली. घड्याळ नव्हतेच. मग घरात जपलेले काय आहे, ते मराठीत सांग म्हटले. ती बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, आजोबांचा गिरणीचा बिल्ला आहे. पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाबरोबर ठेवलेला. १९८२ चा संप सुरू झाला आणि आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. बिल्ला मात्र आजीने टाकू दिला नाही.

आजोबा कोणत्या खात्यात होते? रिंग खात्यात. विणकाम खात्यात पगार जास्त होता, मग तेथे का नव्हते? तिला माहीत नव्हते. मी सांगितले : विणकामात कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे. महाराचे तोंड लागलेला धोटा आपल्या तोंडाला नको म्हणून सवर्ण कामगार आमच्या माणसांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली होती. ती घरी गेली, आजीला विचारून आली. पुढच्या आठवड्यात ती इंग्रजीत दोन मिनिटे बोलली. घड्याळ लावून मीच तिला थांबवले.

येथे भावनेपेक्षा कसोट्यांकडे पाहू. धोटा, धागा, खाते, पाळी, संप, टाळेबंदी या शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्द तिने शोधून घेतले, कारण तिला त्यांची गरज होती. विषयाला नेमके लागू पडणारे शब्द वापरणे हीच शब्दसंपत्ती. पेरलेले वाक्प्रचार नव्हेत. 'आजोबा गिरणीत जात असत', 'संप झाला नसता तर ते गेले असते', 'आजीने तो तेव्हापासून जपून ठेवला आहे' या तीन वाक्यांत सवयीचा भूतकाळ, संकेतार्थ आणि पूर्ण वर्तमानकाळ आपोआप आले. व्याकरणाचा पल्ला म्हणतात तो हाच. आणि तिसऱ्या भागातला प्रश्न, लोक जुन्या वस्तू का जपतात, कोणाच्या वस्तू संग्रहालयात ठेवल्या जातात, हा तिला परका राहिलाच नाही. तिच्यापाशी त्यावर मत होते. घड्याळवाल्या 'मी'पाशी ते असूच शकत नव्हते.

७

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही रास्त आहेत.

पहिला आक्षेप : ही परीक्षा आहे, चळवळ नव्हे. मुलांना सात बँड मिळू द्या, मग पुढचे बोला. मान्य आहे. मी जे सांगतो ते बँड मिळावा म्हणूनच सांगतो. पाठ केलेले उत्तर पहिल्या अनपेक्षित प्रश्नाला फुटते, आणि तिसरा भाग हा अनपेक्षित प्रश्नांचाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आपले दुःख परक्या परीक्षकापुढे मांडून गुण मिळवायचे काय? हे दुःखाचे भांडवल नव्हे काय? येथे मी स्वतः एकदा चुकलो आहे. सुरुवातीला मी मुलांना सारे खरे सांगा म्हणून आग्रह धरीत असे. एका मुलाने वर्गात वडिलांविषयी बोलता बोलता बोलणे सोडले आणि पुन्हा तो आला नाही. त्याच्या मौनाने मला शिकवले की आपली हकीकत सांगण्याचा हक्क आणि ती न सांगण्याचा हक्क हे दोन्ही एकच हक्क आहेत. परीक्षा खरेपणा मागत नाही. स्वकथन हे लेखकाने निवडलेले असते. विद्यार्थ्यावर ते लादले तर तीही एक वेठबिगारच झाली.

म्हणून आता आमच्या वर्गात क्रम असा आहे. प्रत्येक जण प्रथम कागदाच्या दोन बाजू करतो : मी काय सांगणार, आणि मी काय सांगणार नाही. हे घरी, शांतपणे ठरते. कागद कोणाला दाखवायचा नसतो. तिसरे थांबणे निर्णय लांबल्याने येते. निर्णय आधी झाला की ते बरेचसे जाते. जे सांगायचे नाही त्या प्रश्नावर वळण घ्यायची दोन-तीन साधी वाक्ये तयार ठेवायची. वडिलांच्या कामावर बोलायचे नसेल तर आईच्या हातच्या कामावर बोल. परीक्षक अडवणार नाही. मग कार्डाचे उत्तर आधी आपल्या घरच्या बोलीत, 'पानी' म्हणत, बोलायचे. नंतर इंग्रजीत. मोबाइलवर आवाज मुद्रित करायचा आणि स्वतः ऐकून प्रत्येक थांबण्यावर १, २ किंवा ३ असा आकडा टाकायचा. हा आकडा शिक्षकाला टाकता येत नाही. २ साठी मी सराव देतो. ३ साठी तो कागद पुन्हा उघडायचा. आणि सर्वांत आधी, रोज, उभे राहून आपले पूर्ण नाव स्पष्ट, ठाम, आडनावासकट उच्चारायचे. हा सराव सर्वांत सोपा वाटतो. पण काहींना तो सर्वांत जास्त दिवस लागतो.

यातून सगळ्यांना सात बँड मिळतात असा माझा दावा नाही. काहींना साडेसहा मिळाले, काहींना पुन्हा बसावे लागले. वाचन-लेखनाच्या उणिवा या वर्गाने भरून निघत नाहीत. आणि खोलीपलीकडच्या भिंती वेगळ्याच आहेत. २०२२ साली केंद्राने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे तू परदेशी जा, पण तुझ्या समाजाविषयी तेथे संशोधन करू नकोस. नमुना उत्तर फक्त क्लासवाले लिहीत नाहीत.

८

शेवटी एक जुनी गोष्ट. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. तिला इंग्रजी प्रस्तावना आहे आणि आतला मजकूर मराठी आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. म्हणजे आमच्या विचारपरंपरेचा एक मूळ ग्रंथ तोंडी परीक्षेसारखाच प्रश्नोत्तरांचा आहे. फरक असा की तेथे प्रश्न आमचे आहेत. धोंडीबा शंका काढतो, अडवतो, पुन्हा विचारतो. १८८२ साली हंटर आयोगाला इंग्रजीत निवेदन देताना जोतीरावांनी सरकारलाच विचारले की शेतकरी-कष्टकऱ्यांच्या पैशावर तुम्ही कोणाला शिकवता?

म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक संध्याकाळची शेवटची वीस मिनिटे उलटी असतात. विद्यार्थी परीक्षकाच्या खुर्चीत बसतो आणि मी उमेदवाराच्या. ती मुले मला विचारतात : तुमचे गाव कोणते? तुमच्या घरातली आवडती खोली कोणती? मीही थांबतो. मी पन्नाशी ओलांडली आहे, पगारदार आहे, माझे घर तीन खोल्यांचे आहे. तरीही गावच्या घराविषयी विचारले की मी थांबतो. मुले वहीत ३ लिहितात आणि हसतात. ते हसणे गुरुजींच्या हसण्यासारखे नसते.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, ज्यांना थोडेफार इंग्रजी येते, त्यांनी आपापल्या विहारात, वाचनालयात, वसतिगृहात असा एक वर्ग काढावा. त्याला पुस्तके लागत नाहीत. एक मोबाइल, एक वही आणि ऐकून घेणारा माणूस लागतो. आमच्या मुलांपाशी सांगायला पुष्कळ आहे. ते सांगायचे की नाही हे त्यांनी स्वतः ठरवावे, आणि ठरल्यावर बोलताना थांबू नये, एवढ्यासाठी ही तयारी आहे.